साक्षीदारांची ओळख

न्यायालयात खटला चालू असता साक्षीदारास पिंजऱ्यात उभे करतात. त्याचे नाव, गाव आणि व्यवसाय विचारतात. मग एक प्रश्न हटकून येतो, "ही गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली, की दुसऱ्याकडून ऐकली?" या प्रश्नाच्या उत्तरावर त्याच्या साक्षीचे मोल ठरते.

इतिहास लिहिणाऱ्याचे कामही काहीसे न्यायाधीशासारखे असते. घडून गेलेली गोष्ट त्याला पुन्हा पाहता येत नाही. तिच्याविषयी सांगणारे ग्रंथ, वृत्तपत्रे, कागदपत्रे आणि माणसे हेच त्याचे साक्षीदार. या साक्षीदारांची नावनिशीवार यादी म्हणजे संदर्भसूची. त्या यादीत प्रत्येक नावाखाली दोन-चार वाक्यांत त्या साक्षीदाराची पारख लिहिली, की तिला सटीप संदर्भसूची म्हणतात. ही सूची कशी लिहावी आणि तिच्यासाठी एवढे कष्ट का घ्यावेत, हे लालबागच्या एका विद्यार्थ्याच्या अनुभवावरून चांगले समजेल.

हा मुलगा परळच्या एका शाळेत सातवीत शिकत होता. इतिहासाच्या बाईंनी वर्गाला 'आपल्या वस्तीचा इतिहास' हा प्रकल्प दिला. कोणी शिवाजी पार्कचा इतिहास घेतला, कोणी सार्वजनिक गणेशोत्सवाचा. या मुलाच्या चाळीच्या गॅलरीतून एका बंद गिरणीची चिमणी दिसत असे. त्या गिरणीचा भोंगा त्याने कधीच ऐकला नव्हता. पण त्याचे आजोबा तिथेच साच्यावर काम करीत आणि भोंग्याच्या कितीतरी गोष्टी सांगत. म्हणून त्याने विषय निवडला : 'गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी कशी मिळाली?'

विषय मोठा अर्थपूर्ण होता. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी या भागांत गिरण्यांची रांगच उभी राहिली आणि या वस्तीला गिरणगाव हे नाव पडले. त्या काळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. कामगारांत लहान मुलेही असत. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. म्हणजे आज पाचवी-सहावीच्या वर्गात बसणाऱ्या वयाच्या मुलाने गिरणीत रोज नऊ तास राबावे, हे कायद्यालाही मान्य होते! अशा कामगारांची बाजू नारायण मेघाजी लोखंडे यांनी मांडली. ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' या वृत्तपत्राचे संपादक होते. त्यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

मुलाने मन लावून बारा पाने लिहिली. शेवटच्या पानावर 'संदर्भ' असा मथळा घालून त्याने खाली लिहिले : 'पुस्तके, वर्तमानपत्रे, आंतरजाल व माझे आजोबा.' आठ दिवसांनी वही परत आली. बाराही पानांवर एकही खूण नव्हती. शेवटच्या पानावर मात्र बाईंनी तीन प्रश्न लिहिले होते : 'पुस्तके कोणती? वर्तमानपत्रे कोणत्या दिवसाची? आणि १८९० सालची ही गोष्ट तुझ्या आजोबांनी पाहिली केव्हा?'

पहिल्या दोन प्रश्नांचे मुलाला काही वाटले नाही. तिसरा मात्र त्याच्या मनाला लागला. आजोबा कधी खोटे बोलत नाहीत, हे त्याला ठाऊक होते. मधल्या सुट्टीत तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, "बाई, माझ्या आजोबांनी सांगितले ते खरे नाही का?"

बाई म्हणाल्या, "खरे की खोटे, हे मी विचारलेच नाही. ते त्यांना कसे कळले, एवढेच विचारले आहे. शनिवारी दादरला ग्रंथालयात चल. आपण आधी पुस्तकांपासून सुरुवात करू. आजोबांचे पाहू मागाहून."

दादरच्या पूर्वेस, नायगावला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था मराठी ग्रंथांचे मोठे भांडार आहे. बाईंनी मुलाच्या हाती कोऱ्या कार्डांची एक गड्डी दिली आणि सांगितले, "एका ग्रंथास एक कार्ड. ग्रंथाचे वेष्टन पाहून लिहू नकोस. आत मुखपृष्ठानंतरचे पान उघड. ग्रंथाची खरी ओळख तिथे छापलेली असते."

मुलाने त्याप्रमाणे लिहिण्यास आरंभ केला. प्रथम लेखकाचे आडनाव, मग त्याचे नाव. त्यानंतर ग्रंथाचे नाव, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनाचे गाव आणि वर्ष. ज्या पानांवरून माहिती घेतली त्यांचे आकडेही त्याने नोंदले. प्रारंभी त्याला हे काम कंटाळवाणे वाटले. तेव्हा बाईंनी त्याला शंकर गणेश दाते यांच्याविषयी सांगितले. छापलेल्या मराठी ग्रंथांची सूची दात्यांनी तयार केली. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ पर्यंतचे ग्रंथ आहेत, तर १९६१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० पर्यंतचे. एका माणसाने दीडशे वर्षांच्या ग्रंथांचा असा माग काढला, म्हणून आजही अभ्यासकाला कोणता ग्रंथ कोणी व केव्हा लिहिला हे हुडकता येते. "दात्यांनी हजारो ग्रंथांची नोंद केली," बाई हसून म्हणाल्या, "तुला तर सहाच करायच्या आहेत!"

नोंदी झाल्या, आता टिपणे लिहावयाची होती. पहिल्या कार्डावर मुलाने लिहिले, 'हे पुस्तक फार चांगले व माहितीपूर्ण आहे.' बाईंनी ते वाचले आणि विचारले, "हे वाक्य पुस्तक न वाचता लिहिता आले असते की नाही?" मुलगा ओशाळला. मग बाईंनी त्याला टिपणाची तीन अंगे सांगितली. पहिले, या ग्रंथात आहे काय? दुसरे, लेखक कोण, त्याने केव्हा लिहिले आणि कशाच्या आधारे? तिसरे, आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास त्याचा उपयोग किती झाला, आणि कोठे झाला नाही?

मुलाने पुन्हा कार्ड घेतले. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथाविषयी त्याने असे टिपण लिहिले : 'हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. मी त्याची नंतरची आवृत्ती वाचली. लेखक त्या काळच्या मुंबईचे वर्णन करतो. गिरण्या नुकत्याच निघू लागल्या तेव्हाचे शहर कसे होते, हे यावरून समजले. रविवारच्या सुट्टीची चळवळ यानंतरची आहे, म्हणून तिच्याविषयी हा ग्रंथ काही सांगू शकत नाही.'

यातील शेवटचे वाक्य वाचून बाई प्रसन्न झाल्या. साक्षीदार काय सांगतो, हे तर लिहावेच. पण तो काय सांगू शकत नाही, हेही लिहिणे तितकेच महत्त्वाचे असते.

दुसरे कार्ड मुंबई शहर व बेट यांच्या गॅझेटियरचे होते. हे तीन खंड १९०९ व १९१० या वर्षांत निघाले. मुलाने बाईंच्या मदतीने त्यातील थोडी पाने वाचली आणि लिहिले : 'ही सरकारने तयार करविलेली माहिती आहे. उद्योगधंदे, वस्ती व शहराची रचना यांसाठी उपयोगी. लिहिणारे सरकारी अधिकारी होते. कामगाराला स्वतःला काय वाटत होते, ते अन्यत्र शोधावे लागेल.'

तिसऱ्या व चौथ्या कार्डांपाशी मात्र मोठी अडचण उभी राहिली. लोखंड्यांनी स्थापन केलेल्या गिरणी कामगारांच्या संघाचे वर्ष एका पुस्तकात १८८४ दिले होते, तर दुसऱ्यात १८९०. दोन्ही पुस्तके जाणत्या लेखकांची. आपल्या बारा पानांत तर त्याने १८८४ हेच वर्ष ठामपणे लिहिले होते, कारण आजोबा तसे सांगत.

"यातले कोणते खोडू?" त्याने विचारले.

"इतक्यात कोणतेच खोडू नकोस," बाई म्हणाल्या. "त्या त्या वर्षी नक्की काय घडले, ते दोन्ही पुस्तकांतून काढ आणि शेजारी शेजारी लिही."

मुलाने कागदावर दोन रकाने आखले. १८८४ च्या रकान्यात असे आले : त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर दुखापत झाल्यास मदत, अशा मागण्या झाल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेला. १८९० च्या रकान्यात असे आले : २४ एप्रिल रोजी महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. पुढे १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

घडलेल्या गोष्टींविषयी दोन पुस्तकांत वाद नव्हताच. वाद होता तो एवढ्यापुरताच, की संघ जन्मला असे कधी म्हणावे? कामगार प्रथम एकत्र येऊन बोलू लागले तेव्हा, की मोठ्या सभेनंतर सुट्टी पदरात पडली तेव्हा? त्यातच एका इतिहासग्रंथात १८९२ सालच्या सरकारी अहवालाचा उल्लेख सापडला. या संघास सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, असे त्या अहवालात म्हटले होते. जन्माची नोंदच नसेल तर जन्मतिथीविषयी मतभेद व्हावेत, यात नवल ते काय!

मुलाने उत्साहाने त्या सरकारी अहवालासाठी नवे कार्ड काढले. बाईंनी त्याचा हात थांबविला. "हा अहवाल तू पाहिलास?"

"नाही. या पुस्तकात त्याच्याविषयी वाचले."

"मग कार्ड या पुस्तकाचे. त्यात लिही, 'अहवालाचा मजकूर या ग्रंथातून घेतला. मूळ अहवाल पाहिला नाही.' दुसऱ्याने पाहिलेले आपण पाहिले असे सांगणे, ही खोटी साक्ष झाली."

पाचवे कार्ड आंतरजालावरील एका पानाचे होते. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांनी तोच वार मागितला, अशी गोष्ट तेथे दिली होती. लेखकाचे नाव नव्हते आणि ही माहिती कोठून घेतली, तेही लिहिले नव्हते. गोष्ट तर मोठी गोड होती, सोडवेना. बऱ्याच विचाराने मुलाने टिपण लिहिले : 'लेखकाचे नाव व आधार दिलेला नाही. मूळ कागद मिळाला नाही, म्हणून प्रकल्पात 'असे सांगतात' एवढेच लिहिले आहे.' ते पान आपण कोणत्या दिवशी पाहिले, ती तारीखही त्याने नोंदली. कारण छापलेले पुस्तक आहे तसे राहते, पण पडद्यावरचे पान उद्या बदलू शकते.

आता उरले सहावे कार्ड. ते आजोबांचे होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मुलगा वही घेऊन आजोबांजवळ बसला. बराच वेळ तो काही बोलेना. अखेर त्याने भीत भीत विचारले, "आजोबा, लोखंड्यांची गोष्ट तुम्हांला कोणी सांगितली?"

"माझ्या वडिलांनी," आजोबा म्हणाले. "तेही साच्यावरच होते. त्यांना खात्यातल्या जुन्या माणसांनी सांगितली असेल. का रे?"

मुलाने दोन वर्षांचा घोटाळा त्यांना समजावून सांगितला. आजोबा रागावतील असे त्याला वाटत होते. ते रागावले नाहीत. क्षणभर थांबून ते म्हणाले, "तुझ्या बाई बरोबर विचारतात. जे मी पाहिले नाही, त्याची साक्ष मी कशी देऊ? पण रविवार म्हणजे काय, ते मला विचार. ते मी पाहिले आहे."

मग ते सांगू लागले. रविवारी भोंगा वाजत नसे. तरी सवयीने पहाटे जाग येई आणि आज उठायचे नाही हे आठवून माणूस पुन्हा कुशीवर वळे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे त्या दिवशी एकमेकांना उजेडात भेटत. ज्याला लिहिता येई तो गॅलरीत बसून दहा जणांची गावाकडची पत्रे लिही. संध्याकाळी भजन होई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. "तेव्हापासून भोंगा वाजलाच नाही," आजोबा म्हणाले. "सगळेच दिवस रविवारसारखे झाले. आणि मग कळले, की आठवड्याला सहा दिवस काम असेल, तरच रविवारला गोडी असते."

मुलाचा हात वहीवर भराभर चालत होता. त्या रात्री त्याने जे टिपण लिहिले ते असे : 'माझे आजोबा, निवृत्त गिरणी कामगार. मुलाखत, लालबाग, रविवार. लोखंडे यांच्याविषयी त्यांनी वडिलांकडून ऐकले. त्या भागास ते प्रत्यक्ष साक्षी नाहीत आणि त्यांनी सांगितलेल्या वर्षाविषयी ग्रंथांत मतभेद आहे. कामगाराच्या घरी रविवार कसा जाई, हे त्यांनी स्वतः अनुभवले आहे. या विषयावर मला मिळालेली ही सर्वांत जवळची साक्ष होय.'

सकाळी आजोबांनी चष्मा लावून ते टिपण दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी 'प्रत्यक्ष साक्षी नाहीत' या शब्दांवर त्यांचे बोट थांबले. मुलाच्या छातीत धस्स झाले. पण आजोबा म्हणाले, "बरोबर लिहिलेस. आता खालचे वाक्यही लोक खरे मानतील."

सटीप सूचीचे सारे मर्म आजोबांच्या या एका वाक्यात आले आहे. जो आपल्या साक्षीदाराची उणीव लपवीत नाही, त्याने केलेल्या गौरवावर वाचक विश्वास ठेवतो. माणसांच्या आठवणी म्हणजे कमी प्रतीचा पुरावा, असेही समजू नये. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन एक मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. कोण बोलत आहे आणि त्याने काय पाहिले, हे स्पष्ट नोंदले, की घरातले बोलणेही इतिहासाचे साधन बनते.

मुलाने आपल्या बारा पानांत एकच दुरुस्ती केली. संघाच्या स्थापनेचे ठाम वर्ष काढून त्या जागी लिहिले : 'संघाच्या स्थापनेचे वर्ष काही ग्रंथांत १८८४ तर काहींत १८९० दिले आहे. कामगारांच्या सभा १८८४ पासून होत होत्या आणि रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, याविषयी मतभेद नाही.' वाक्य थोडे लांबले, पण त्यातील प्रत्येक शब्दामागे आता एक साक्षीदार उभा होता.

बाईंनी ती सूची वर्गाच्या कपाटात ठेवून दिली. पुढल्या वर्षी दुसरा एखादा विद्यार्थी हाच विषय घेईल. त्याला पहिल्यापासून चाचपडावे लागणार नाही; कोणत्या ग्रंथात काय आहे, कोठे सावध राहावे आणि कोणता कागद अजून कोणी पाहिलेला नाही, हे त्याला त्या सहा कार्डांवरून कळेल. तो कदाचित मूळ अहवालही शोधून काढील. गिरणगावच्या चिमण्या एकेक करून कमी होत आहेत आणि भोंगा ऐकलेली माणसेही. ती माणसे आहेत तोवर त्यांची साक्ष नोंदली पाहिजे, आणि ती प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे.

शब्दार्थ

नावनिशीवार – प्रत्येकाचे नाव व ओळख देऊन. पारख – परीक्षा, गुणदोष ओळखणे. साचा – कापड विणण्याचे यंत्र, माग. खाते – गिरणीतील विभाग. पाळी – कामाची ठरलेली वेळ. ओशाळणे – लाजणे, खजील होणे. रकाना – कागदावर आखलेला उभा भाग. मर्म – खरे सार.

स्वाध्याय

१. बाईंनी वहीच्या शेवटी कोणते तीन प्रश्न लिहिले? त्यांपैकी तिसरा मुलाच्या मनाला का लागला?

२. टिपणाची तीन अंगे कोणती? माडगांवकरांच्या ग्रंथावरील टिपणात ती कोठे आली आहेत, ते दाखवा.

३. 'हे पुस्तक फार चांगले व माहितीपूर्ण आहे' या वाक्यात काय उणे आहे?

४. मूळ अहवालाचे निराळे कार्ड करू नये, असे बाईंनी का सांगितले?

५. "आता खालचे वाक्यही लोक खरे मानतील," या आजोबांच्या उद्गाराचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

६. वाक्यांत उपयोग करा : पदरात पडणे, छातीत धस्स होणे, माग काढणे, चाचपडणे.

७. आपल्या वस्तीतील एखादी जुनी इमारत, शाळा, बाजार किंवा उत्सव निवडा. त्याविषयी दोन ग्रंथ, एक वृत्तपत्र आणि एक वडीलधारी व्यक्ती यांच्याकडून माहिती मिळवा व चार टिपणांची सूची तयार करा. प्रत्येक टिपणात तो साक्षीदार काय सांगू शकत नाही, याचे एक वाक्य अवश्य लिहा.